उपचारांनंतर पुन्हा कामावर रुजू होताना

सोमवार, १६ जानेवारी २०२३ रोजी, सहा महिन्यांच्या खंडानंतर, मी सांगलीतील आमच्या पतसंस्थेच्या शाखेत पुन्हा रुजू झाले. पर्समध्ये डॉक्टरांचे प्रमाणपत्र होते. त्यावर माझे नाव, वय ४५, आजाराचे नाव, उपचारांच्या तारखा आणि शेवटी 'कामावर रुजू होण्यास योग्य' अशी एक ओळ होती. त्या ओळीच्या भरवशावर मी रोखपालाच्या खुर्चीत जाऊन बसले आणि दुपारी दोनच्या आतच माझ्या लक्षात आले की ती ओळ खोटी नसली तरी पुरेशी नाही. कोणत्या कामासाठी योग्य, किती तासांसाठी, मध्ये उठण्याची सोय नसली तरी योग्य का, यातले काहीच तिच्यात नव्हते. पुढच्या वर्षभरात मी जे शिकले ते बहुतेक सगळे त्या न लिहिलेल्या भागाबद्दल आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून उठलेल्या नोकरदार बायकांना ते उपयोगी पडेल, या आशेने मी हे लिहीत आहे.

आजाराबद्दल थोडक्यात सांगते. २०२१ च्या दिवाळीपासून मला दोन पाळ्यांच्या मध्ये रक्तस्राव होऊ लागला होता, अंगावरून पांढरे जात होते आणि कंबर सतत दुखत असे. पाळी जाण्याचे वय जवळ आले आहे, तेव्हा असे होणारच, असे मी स्वतःला आणि घरच्यांनाही सांगत राहिले. त्याच्या दोन वर्षे आधी आमच्या भागात स्त्रियांच्या तपासणीचे शिबिर झाले होते. शेजारणी गेल्या, मी मार्चअखेरच्या कामामुळे गेले नाही. याची खंत मला आजही आहे, कारण तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून एक लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रियांवर जो मोठा अभ्यास झाला, त्यात आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही (या कर्करोगाला कारण होणारा विषाणू) तपासणीनेही या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी झाल्याचे दिसले होते. एका दिवसाची रजा टाकायला मी कचरले आणि नंतर सहा महिने घरी बसावे लागले. जून २०२२ मध्ये तुकडा काढून तपासला तेव्हा आजार गर्भाशयमुखाच्या बाजूच्या पेशीजालापर्यंत पोचला होता. डॉक्टरांनी त्याला '२-बी' पायरी म्हटले आणि या पायरीवर शस्त्रक्रिया करत नाहीत, लाईट, म्हणजे रेडिएशन, आणि केमो एकत्र देतात, असे समजावून सांगितले.

उपचार मिरजेला झाले. १८९४ मध्ये विल्यम वानलेस यांनी मिशनचे रुग्णालय सुरू केल्यापासून मिरज हे दवाखान्यांचे गाव म्हणून ओळखले जाते, आणि रेडिएशन विभागाबाहेरच्या बाकावर बसले की त्याचा अर्थ कळतो. एका बाजूला जत आणि आटपाडीच्या बायका असत, दुसऱ्या बाजूला अथणी आणि चिकोडीकडून आलेल्या कन्नड बोलणाऱ्या. घरापासून नऊ-दहा किलोमीटरवर उपचार मिळणारी मी त्या बाकावरची सुखी बाई होते. बाहेरून द्यायची लाईट २५ वेळा होती, आठवड्यातून पाच दिवस, आणि दर आठवड्याला एकदा सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाची सलाईन. रोज लाईटच्या आधी लघवी करून यायचे, मग अर्धा लिटर पाणी प्यायचे आणि ते धरून बसायचे, कारण मूत्राशय भरलेले असले की आतडी वर सरकतात आणि त्यांना कमी झळ लागते. हातात पाण्याची बाटली धरून, पाय एकमेकांवर घट्ट ठेवून बसलेल्या आम्ही सात-आठ जणी घड्याळाकडे पाहत असू. गौरी-गणपतीच्या सुमारास आतून द्यायची लाईट, म्हणजे ब्रॅकिथेरपी, सुरू झाली. ती चार वेळा झाली. सगळे उपचार आठ आठवड्यांच्या आत संपले पाहिजेत, लांबले तर गुण कमी येतो, असे डॉक्टर वारंवार सांगत. म्हणून एका आठवड्यात हिमोग्लोबिन उतरले तेव्हा रक्त चढवून त्यांनी क्रम चालू ठेवला.

केशरी शिधापत्रिकेमुळे महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचारांचा खर्च भागला. रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राने कागदपत्रे दोन दिवसांत मार्गी लावली, याबद्दल मी कायम ऋणी राहीन. मात्र बुडालेला पगार कोणत्याही योजनेत येत नाही. माझी शिल्लक हक्काची रजा ५२ दिवस होती. ती सप्टेंबरच्या सुरुवातीलाच संपली आणि पुढचे चार महिने बिनपगारी गेले. यजमान गणपती पेठेत कापडाच्या दुकानात कामाला आहेत. मला मिरजेला नेण्या-आणण्यात त्यांचे अर्धे दिवस कापले गेले. थोरल्याच्या डिप्लोमाची फी त्याच काळात भरायची होती. तेव्हा कामावर लवकर जाणे ही केवळ मनाला विरंगुळा म्हणून केलेली गोष्ट नव्हती. आपल्या देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कर्करोग होतो आणि त्यातल्या बहुतेक जणी घर चालवण्याच्या, कमावण्याच्या वयातल्या असतात. हे वाक्य मी पूर्वी वाचले असते तर पुढे गेले असते. आता त्यातल्या प्रत्येकीच्या मागे थकलेला एखादा हप्ता मला दिसतो.

आता त्या पहिल्या दिवसाकडे येते. आमच्या शाखेत स्वच्छतागृह आत नाही. इमारतीच्या मागच्या जिन्याखाली, चार दुकानांना मिळून एक आहे, आणि त्याची किल्ली शाखाधिकाऱ्यांच्या टेबलाशेजारी खिळ्याला अडकवलेली असते. हरवू नये म्हणून तिला हातभर लांबीची लाकडी पट्टी बांधलेली आहे. १९ वर्षे मी ती किल्ली दिवसातून एकदा, फार तर दोनदा घेतली असेन. लाईटनंतर माझी आतडी आणि मूत्राशय दोन्ही नाजूक झाली होती. खाल्ले की वीस मिनिटांत शौचाला जावे लागे आणि एकदा कळ आली की थांबवणे हातात नसे. रोखपालाला तर सहज उठताही येत नाही. गल्ला मोजायचा, कुलूप घालायचे, शेजारच्या सहकाऱ्याला सांगायचे, काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या लोकांना 'पाच मिनिटं थांबा' म्हणायचे, मग सगळ्यांच्या देखत साहेबांच्या टेबलाजवळ जाऊन ती पट्टी उचलायची. पहिल्या दिवशी अकरा ते दोन या वेळात मी पाच वेळा उठले. पाचव्या वेळी रांगेतल्या एका गृहस्थांनी मोठ्याने विचारले, "आज काउंटर चालू आहे का बंद?" त्यांची चूक नव्हती, त्यांना काय माहीत?

त्यावर मी जो उपाय केला तो चुकीचा होता, पण बहुतेक बायका तोच करतात. मी खाणे बंद केले. सकाळी अर्धी भाकरी खाऊन निघायचे आणि संध्याकाळपर्यंत पाण्याचे दोन घोट. दुपारी सगळ्या जणी डबे उघडून बसत तेव्हा मी काम असल्याचे सांगून काउंटरवर राहत असे. माझ्या प्रमाणपत्रावर आजाराचे नाव होते आणि ते कागद ज्या ज्या हातांतून गेले त्या सगळ्यांना ते कळले होते. 'पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर' हे शब्द कुजबुजीत फिरू लागले. मी डब्याला येत नाही म्हणजे आपला आजार दुसऱ्याला लागू नये म्हणून येत नाही, असा त्यांनी समज करून घेतला, आणि त्यांनी बोलावणे सोडले म्हणजे त्यांना माझी किळस वाटते, असा मी. दोन्ही बाजूंनी दोन महिने कुणी तोंड उघडले नाही. या आजाराचा एचपीव्ही हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो एवढे अर्धवट ऐकून एकीने माझ्या यजमानांबद्दलही काही म्हटल्याचे कानावर आले. संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी लागतो, बहुतेकांच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो आणि थोड्याच जणींच्या शरीरात टिकून राहून पुढे कर्करोगाला कारण होतो, हे डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितले होते. त्या बसण्याने आमच्या घरातला संशय जन्मालाच आला नाही. कार्यालयात मात्र असे समजावणारे कुणी नव्हते.

मार्चमध्ये, उपाशीपोटी आणि घाईत, मी एका खातेदाराला पाचशेच्या चार नोटा जास्त दिल्या. दिवसाअखेर रोख जुळवताना २,००० रुपयांची तूट आली. नियमाप्रमाणे मी ती भरली. १९ वर्षांत माझ्या गल्ल्यात अशी तूट पहिल्यांदा आली होती. त्या संध्याकाळी एका संचालकांनी मला केबिनमध्ये बोलावले आणि अगदी मायेने म्हणाले, "ताई, कशाला जिवाला त्रास करून घेताय? देवाच्या कृपेने वाचलात. आता घरी आराम करा. राजीनामा द्या, तुमचा हिशेब आम्ही चोख करू." त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता असे मला आजही वाटते. पण बरी झालेली बाई म्हणजे पुढे फक्त आराम करणारी बाई, हे त्यांनी माझ्यासाठी ठरवून टाकले होते, आणि खरे सांगायचे तर त्या रात्री मी राजीनाम्याचा मजकूर लिहूनही काढला होता.

तो मी दिला नाही, कारण दोनच दिवसांनी तपासणीची तारीख होती. पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी तपासणीला जावे लागते. डॉक्टर दर वेळी विचारत ते प्रश्न ठरलेले होते: रक्त जाते का, दुखते का, वजन किती, पायाला सूज आहे का. कामाबद्दल त्यांनी कधी विचारले नव्हते आणि मीही सांगितले नव्हते, कारण तो त्यांचा विषय नाही असे मला वाटत होते. त्या दिवशी मी किल्ली, गल्ला, डबा आणि राजीनामा सगळे एका दमात सांगितले. त्या पेन खाली ठेवून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे तुम्ही मला जानेवारीतच सांगायला हवं होतं. आणि मी विचारायला हवं होतं."

त्यानंतरचा पाऊण तास माझ्या दृष्टीने फार मोलाचा ठरला. जुलाब आवरणारी गोळी जेवणाआधी कधी घ्यायची, दूध आणि कच्च्या पालेभाज्या काही काळ कशा टाळायच्या, उपाशी राहिल्याने आतडे शांत होत नाही, उलट थोडे थोडे खाऊन त्याला वळण लावावे लागते, हे त्यांनी सांगितले. ओटीपोटाचे स्नायू आवळून धरण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टने शिकवले. मग रुग्णालयातील समाजसेविकेला बोलावून दोघींनी मिळून नवे पत्र तयार केले. समाजसेविकेने पहिली गोष्ट ही केली की 'हलके काम द्यावे' हे शब्द खोडायला लावले. 'हलके काम' असे लिहिले की मालक बाईला खुर्चीवरून उठवतो आणि फायली पोचवायला उभी करतो, हे तिने अनेकदा पाहिले होते. त्याऐवजी मला शाखेत दिवसभर नेमके काय करावे लागते ते तिने तासातासाने विचारून घेतले आणि त्यावरून पत्रात ठरावीक गोष्टी आल्या. गरज पडेल तेव्हा जागा सोडून स्वच्छतागृहात जाण्याची मुभा असावी. सलग दोन तासांहून अधिक एका जागी बसवू नये. पाच किलोहून अधिक वजन उचलायला लावू नये. यात नाण्यांच्या पिशव्या आणि जुन्या खतावण्यांचे गठ्ठे आले. दर तीन महिन्यांनी तपासणीसाठी एक दिवसाची रजा मिळावी. सहा महिन्यांनी या गरजांचा पुन्हा विचार व्हावा. ही शेवटची अट मला फार शहाणपणाची वाटली, कारण तिच्यामुळे संचालकांना हे कायमचे ओझे वाटले नाही आणि मलाही आपण कायमच्या अधू झालो असे वाटले नाही. आजाराचे नाव या पत्रात मुद्दाम घातले नव्हते. 'ओटीपोटावरील रेडिएशन उपचारांनंतर' एवढेच होते.

पत्र दिल्यावर आठवडाभराने मला कर्जविभागात बसवले. तिथे जामीनदारांची कागदपत्रे तपासायची, उतारे पडताळायचे, थकबाकीच्या नोटिसा काढायच्या. मध्ये दहा मिनिटे उठले तरी कुणाची रांग अडत नाही. रोखपालाचा दरमहा ६०० रुपयांचा भत्ता मात्र गेला आणि तो गेल्याचे मला वाईट वाटते. गल्ल्यावरचा विश्वास ही माझी कमाई होती. किल्लीचा प्रश्न शाखाधिकाऱ्यांनी स्वतः सोडवला. एका सकाळी त्यांनी काहीही न बोलता माझ्या टेबलावर कागदाची पुडी ठेवली. आत नवी घडवलेली दुसरी किल्ली होती, पट्टीशिवायची. ती मी खणात ठेवते. त्या दिवशी मी डबा घेऊन बायकांमध्ये जाऊन बसले आणि दहीभात खाता खाता सगळे सांगून टाकले, विषाणूसुद्धा. एकीने तिथल्या तिथे तपासणीची वेळ कुठे मिळते ते विचारले.

नोकरी सावरली म्हणजे आयुष्य पूर्ववत झाले असे मात्र नाही. लाईटने अंडाशये थांबली आणि माझी पाळी एकाएकी गेली. नोटीस लिहिता लिहिता मानेपासून कपाळापर्यंत आग उठते आणि ब्लाऊज भिजतो. रात्री झोप तुटते, मग दुसऱ्या दिवशी आकडे डोळ्यांपुढे सरकतात. चार वाजल्यानंतर जो शीण येतो तो कामाच्या शिणासारखा नसतो, विश्रांतीनेही तो पुरता जात नाही. योनीमार्ग आकसतो, त्यासाठी डायलेटर, म्हणजे तो मोकळा ठेवणारी गुळगुळीत नळी, वापरावा लागतो. हे मला एका परिचारिकेने पडद्याआड नेऊन, लाज न वाटू देता शिकवले. यजमान आणि मी, आम्हाला एकमेकांजवळ पुन्हा यायला वर्ष लागले. हे लिहावे की नाही असा विचार मी केला, पण माझ्या बाकावरच्या एकीचा संसार केवळ हे कुणी न सांगितल्यामुळे तुटला, म्हणून लिहिले.

त्या बाकावरच्या दोघी मला अजून भेटतात. एक कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यात पॅकिंगला होती. तिच्या पगारातून ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, वर्गणी कापली जात होती. आजारपणाच्या ठरावीक दिवसांनंतरही कर्करोगासारख्या दीर्घ आजारासाठी, पुरेशी वर्गणी भरलेल्या विमाधारकाला, वेतनाच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते, हे तिला समाजसेविकेने सांगितले. ती आठ महिने निवांत घरी राहून, अंगात ताकद आल्यावर कामावर गेली. आमच्या शाखेला ईएसआय लागू नव्हते, म्हणून मी कच्च्या अंगाने गेले.

दुसरी तासगाव तालुक्यातली. ती बेदाण्याच्या शेडवर निवडीला जात असे. फेब्रुवारीपासून हंगाम, मांडी घालून दिवसभर टेबलापाशी बसायचे, काड्या, काळे दाणे वेगळे करायचे, दिवसाला ३०० रुपये. मी माझ्या पत्राबद्दल तिला उत्साहाने सांगितले तेव्हा ती म्हणाली, "अक्का, मुकादमाला पत्र दिलं तर त्यो म्हनंल, बरं वाटस्तवर येऊ नगंस. त्येला काय, धा जनी उभ्या हाईत." मला त्यावर उत्तर सुचले नाही आणि अजूनही सुचलेले नाही. शेडवर बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, मागे द्राक्षबाग आहे. तिच्या गरजा माझ्याहून वेगळ्या नव्हत्या. लाईटही तितक्याच वेळा घेतलेली. माझ्याकडे हजेरीपट, रजेचा अर्ज आणि तो वाचणारा साहेब होता, तिच्याकडे यातले काही नव्हते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आमची तपासणी एकाच दिवशी आली. संशोधन करणारी एक विद्यार्थिनी बाकावर येऊन बसली आणि तिने आम्हाला दोन प्रश्नावल्या दिल्या. कर्करोगाच्या रुग्णांचे जीवनमान मोजण्यासाठी युरोपात तयार झालेली ३० प्रश्नांची एक, आणि खास गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीची २४ प्रश्नांची दुसरी, असे तिने सांगितले. बहुतेक प्रश्नांपुढे चार उत्तरे होती, 'अजिबात नाही'पासून 'खूप'पर्यंत. शौचाची घाई, लघवीची जळजळ, पायाची सूज, झोप, पैशाची ओढाताण, सगळे विचारले होते, आणि आपल्या अंगावर बेतलेले कुणीतरी इतके नेमके विचारते आहे, याचे मला बरे वाटले. काम आणि रोजचे व्यवहार करताना मर्यादा आल्या का, या प्रश्नापुढे मी 'थोडे' यावर खूण केली.

तासगावच्या तिला वाचता येत नाही, म्हणून तिचे प्रश्न मी वाचून दाखवत होते. त्याच प्रश्नावर ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काम असतं तर अडचन आली असती की. कामच न्हाई, तर काय सांगू?" विद्यार्थिनीने चारही उत्तरे पुन्हा वाचली. तिने मान हलवली. शेवटी त्या मुलीने कोणत्याच उत्तरावर खूण न करता तिचे वाक्य जसेच्या तसे कागदाच्या समासात लिहून घेतले. परतीच्या बसमध्ये तिने मला सांगितले की या फेब्रुवारीत शेडवर जाऊन ती मुकादमाला विचारणार आहे, निम्म्या दिवसाची हजेरी लावतो का म्हणून.